दीड लाखाची रांग

पोस्टाचं शटर अजून कमरेइतकंच वर गेलंय आणि रांग पायऱ्या उतरून फुटपाथवर आलीय. सोलापूर. मार्चचे शेवटचे दिवस. पाडवा होऊन गेला, किराणा दुकानांत उरलेल्या साखरगाठी अजून लटकताहेत. घड्याळात पावणेदहा झालेत, ऊन मात्र बाराचं पडलंय. भिंतीलगत हातभर सावली आहे, तिच्यासाठी रांग वाकडी झाली आहे. बायकांच्या डोक्यावर पदर, पोरींच्या तोंडाला स्कार्फ. एका काकांनी पासबुकच कपाळावर आडवं धरलंय.

शटर वर जातं. आत तीन खिडक्या. एकीमागे माणूस आहे. दुसरीवर 'फक्त स्पीड पोस्ट' अशी पाटी. तिसरीमागे खुर्ची आहे, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आहे, बाकी कुणी नाही.

"सर्व्हर आलं का ओ?"

"यायलंय."

कुणी चिडत नाही. मार्चात सर्व्हर उशिरा येणार हे इथं सगळ्यांनी धरूनच चाललंय. एक निवृत्त गृहस्थ बाकाच्या कडेला बसून लोकांच्या भरणा चिठ्ठ्या भरून देताहेत. पेन स्वतःचं आणलंय. नाव, खाते क्रमांक, रक्कम अक्षरी, रक्कम आकडी. अक्षरी लिहिताना ते मोठ्यानं म्हणतात, "रुपये एक लाख पन्नास हजार फक्त." मागचे सगळे वळून बघतात. ज्याची चिठ्ठी आहे तो जरा ओशाळतो.

दीड लाख. आज या खोलीत हा आकडा सारखा कानावर पडतो. प्राप्तिकराच्या '८० सी' कलमाची ही वरची मर्यादा. २०१४-१५ च्या आधी ती एक लाख होती, तेव्हापासून आहे तिथंच आहे. पीपीएफचा वर्षाचा कमाल भरणाही तेवढाच. त्यामुळे दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एक होऊन बसल्यात.

रांगेतले सगळेच मात्र करासाठी आलेले नाहीत. माझ्या पुढे एक रिक्षावाला उभा आहे, खाकी शर्टातच. हाताला धरून पाच-सहा वर्षांची मुलगी. तिच्या नावाचं सुकन्या खातं आहे. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडायचं हे खातं, २०१५ पासूनचं. व्याज ८.२ टक्के, वर्षाला किमान २५० रुपये. तो हजाराची भर घालतो आहे.

"टॅक्स-बिक्स काय नाही ओ आपल्याला," तो म्हणतो. "खातं बंद पडू नये, एवढंच."

त्याच्या पुढच्या बाईंचं पडलेलंच आहे. सासऱ्यांनी कधी तरी काढून दिलेलं पीपीएफ. तीन वर्षं काहीच भरलेलं नाही. खिडकीतला माणूस पासबुक चाळतो, मान वर न करता हिशेब सांगतो. प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे किमान पाचशे आणि पन्नास रुपये दंड. तीन वर्षांचे १,६५०. यंदाचे ५०० वेगळे. एकूण २,१५०. बाई पर्समधल्या नोटा मोजतात. पुरतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरतो.

दाराजवळ आरडीच्या एजंटबाई उभ्या आहेत. नायलॉनच्या पिशवीत पासबुकांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबर. एरवी त्यांची वेळ ठरलेली असते, आज त्यांनाही थांबावं लागतंय. पीपीएफसाठी तुम्ही लोकांच्या मागे का लागत नाही, असं मी विचारतो. त्या हसतात.

"त्यात आम्हाला काय मिळतंय?"

खरंच आहे. पीपीएफवरची दलाली २०११ च्या अखेरीस बंद झाली. तेव्हापासून या खात्याची जाहिरात करत दारोदार कुणी फिरत नाही. १९६८ पासूनची योजना, पंधरा वर्षांची मुदत, व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के. लोक आपल्या पायांनी येतात तेवढेच.

साडेदहाला सर्व्हर येतं. रांग एक पाऊल सरकते.

आता खिडकीशी एक गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात शेंगदाण्याच्या पेंडीची जाहिरात असलेली कापडी पिशवी. त्यांनी दीड लाखाचा चेक आत सरकवलाय.

"गुरुजी, दुसऱ्या बँकेचा चेक आहे. वटला की त्या दिवसाची तारीख लागते. एकतीसच्या आत बसंल अशी ग्यारंटी मी देत नाही."

"मग ह्या वर्षात नाही धरणार?"

"वटला तर धरणार."

गुरुजी चेक परत घेतात. दुहेरी घडी करतात, मग चेकला घडी घालू नये हे आठवून पुन्हा सरळ करतात. त्यांच्या मागचा माणूस आधीच खिडकीत वाकलाय. "सरांनाच विचारतो," असं पुटपुटत ते बाहेर पडतात. सर म्हणजे त्यांचे कर सल्लागार. मलाही तिकडंच जायचंय. आम्ही बरोबर निघतो.

बाहेर रस्ता पांढरा दिसायला लागलाय. पारा चाळिशीच्या घरात. नव्या पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसाच्या गाड्याचं घुंगरू वाजतंय, गिऱ्हाईक नाही. झेरॉक्सच्या दुकानापुढे मात्र झुंबड. विम्याच्या पावत्या, शाळेच्या फीच्या पावत्या, गृहकर्जाचे दाखले. यंत्राच्या गरम हवेनं दुकानदार ओला झालाय. तो फीची एक पावती उचलून धरतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "ह्यात बसची फी बी आहे बघा. ती धरत नाहीत. ट्यूशन फीच धरतेत." वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे कागद बघून तोही अर्धा सल्लागार झालाय. आणि तो सांगतोय ते बरोबर आहे. वजावट फक्त शिकवणीच्या शुल्काची, तीही दोन मुलांपुरती.

चार पावलांवर कडुलिंबाखाली टेबल, मोठी छत्री, मागे फलक. 'कर वाचवा! शेवटचे काही दिवस!' टेबलामागे टाय लावलेला पोरगा. या उन्हात टाय. त्याच्यापुढे एक जोडपं बसलंय. पोरगा कॅल्क्युलेटरवर बोटं चालवतो आणि त्यांच्याकडे वळवून दाखवतो. दीड लाखाचे तीस टक्के. पंचेचाळीस हजार.

"एवढे तुमचे सरळ वाचले."

नवरा बायकोकडे बघतो. तीस टक्क्यांचा दर तुम्हाला लागतो का, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. तुम्ही जुन्या करपद्धतीत आहात की नव्या, हेही नाही. पोरगा फॉर्म पुढे करतो, सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या आधीच मारलेल्या आहेत. माझ्या मते या रस्त्यावर सगळ्यांत महाग पडणारा हिशेब तो हाच.

गुरुजी त्या टेबलाकडे न बघता जातात. जरा जास्तच ठरवून न बघता.

सल्लागारांचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. अरुंद जिना, वर चपलांचा ढीग. आत बाक, बाकावर माणसं, माणसांच्या मांडीवर पिशव्या. भिंतीला छतापर्यंत फायली. आर्टिकलशिप करणारी तीन पोरं पडद्यांत डोकं घालून बसलीत. व्यापाऱ्यांची खाती, स्टॉकच्या याद्या, जीएसटी. त्यांच्यासाठी मार्च म्हणजे हीच कामं, पगारदार माणसं मध्येच येऊन अडवतात. एसी आहे, पण तो आतल्या केबिनमध्ये. बाकावाल्यांना पंखा.

टेबलावर नवा कायदा येऊन पडलाय. जाड पुस्तक, कडा अजून कोऱ्या. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. '८० सी' तिथं १२३ क्रमांकाच्या कलमात गेलंय. एक पोरगं म्हणतं, "सर, लोकांना आता एकशेतेवीस शिकवायचं का?" आतून उत्तर येतं, "लोक एटी-सीच म्हणणार. तू गप काम कर."

चहा येतो. अर्धा कप, गोड.

बाकावर सगळ्यांना एक संख्या पाठ आहे. बारा लाख पंचाहत्तर. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट, म्हणून पावणेतेरा. ही संख्या जो तो एकमेकांना सांगतो. आणि तरीही जो तो कसली तरी पावती घेऊन आलाय. जुनी सवय. एवढी वर्षं मार्च म्हणजे काही तरी भरायचं, हेच अंगवळणी पडलंय.

गुरुजींना आत बोलावतात. केबिनचं दार उघडंच. इथं खासगी असं फारसं काही नसतं.

"वर्षाचा पगार?"

"अकरा लाख ऐंशी हजार."

"फेब्रुवारीच्या पगारात टॅक्स किती कापला?"

गुरुजी विचार करतात. "तीनशे रुपये."

बाकावर हशा पिकतो. सरही हसतात. "तो व्यवसाय कर हो गुरुजी. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे पंचवीसशे. इन्कम टॅक्स किती?"

"तो काय कापलाच नाही."

"का नाही कापला?"

गुरुजी गप्प. कारण साधं आहे. २०२३-२४ पासून काही सांगितलं नाही तर नवीच करपद्धत धरली जाते. त्यांच्या शाळेच्या क्लार्कनं तीच धरली. अकरा लाख ऐंशी हजारांतून पंचाहत्तर गेले, उरले अकरा लाख पाच हजार. बाराच्या आत. कर शून्य.

सर पाठकोऱ्या कागदावर जुन्या पद्धतीचा हिशेब मांडतात. पेन्सिल करकरते. प्रमाणित वजावट इथं पन्नास हजारच. व्यवसाय कर अडीच. '८० सी'चे पूर्ण दीड लाख. उरले नऊ लाख सत्त्याहत्तर हजार पाचशे. त्यावर कर एक लाख आठ हजार, वर चार टक्के उपकर. १,१२,३२०.

"म्हणजे हे दीड लाख भरून जुन्या पद्धतीत गेलात, तर एक लाख बारा हजार टॅक्स. काहीच न भरता नव्यात राहिलात, तर शून्य. आणि जीपीएफ किती कापतात तुमचा?"

"दहा हजार."

"म्हणजे वर्षाचे एक लाख वीस हजार तिथंच झाले. जुन्या पद्धतीत असता, तरी तुम्हाला तीसच हजार भरायचे होते."

गुरुजी चेककडे बघतात. तो अजून हातातच आहे.

"पीपीएफ वाईट नाही," सर म्हणतात. "बचत म्हणून टाका. पण धावपळ कशाला? पाच एप्रिलच्या आत टाका, अख्ख्या वर्षाचं व्याज मिळेल. आज टाकून मार्चचं व्याज तसंही मिळत नाही. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढी शिल्लक असते, त्यावरच धरतात."

गुरुजी उठत नाहीत. पिशवीत अजून काही तरी आहे, पण ते बाहेर काढत नाहीत. "मी बसतो जरा," असं म्हणून बाकावर परत येतात.

पुढचा नंबर एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचा. स्वतःसाठी नाही, लेकीसाठी आलेत. लेक पुण्यात नोकरीला, व्हिडिओ कॉलवर. वडिलांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलाय. पडद्यावर तिचं निम्मं कपाळ दिसतंय.

पगार अठरा लाख. तिथं भाड्यानं राहते, महिना साडेबत्तीस हजार. सोलापुरातलं घर कर्ज काढून बांधलंय, त्यात आईवडील राहतात. अशी घरं सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. पोरं पुण्यात, हप्ते इथले.

"कंपनीनं जानेवारीतच पुरावे मागितले होते," ती सांगते. "माझ्याकडून राहून गेलं. आता मार्चमध्ये भरपूर कापलाय."

"कंपनीची मुदत संपली. तुझी एकतीसपर्यंत आहे. रिटर्नमध्ये मागून घेता येतं."

नव्या पद्धतीत तिचा कर १,५०,८०० रुपये. सर तो आधी लिहितात. मग जुनी पद्धत. कर्जाच्या व्याजाचे दोन लाख. '८० सी' पीएफ आणि कर्जाच्या मुद्दलातच भरून गेलेलं, नव्यानं काहीच घ्यायचं नाही. एनपीएसचे वेगळे पन्नास हजार. स्वतःच्या आरोग्यविम्याचे पंचवीस. आईवडील साठीच्या पुढचे, त्यांचे पन्नास. प्रमाणित वजावट, व्यवसाय कर. बेरीज पाच लाख सत्तावीस हजार पाचशे. एवढं करूनही कर येतो २,०२,०२०. नव्यापेक्षा पन्नास हजारांहून जास्त.

"काय उपयोग मग?" वडील हताश होतात.

"थांबा, घरभाडं राहिलंय."

तिचा मूळ पगार नऊ लाख. वर्षाचं भाडं तीन लाख नव्वद हजार. त्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा. सूट बसते तीन लाखांची. सर आधीची बेरीज खोडून नवी लिहितात. १,११,२८०. आता जुनी पद्धत ३९,५२० रुपयांनी स्वस्त.

म्हणजे सगळा काटा एका घरभाड्यानं फिरला. तेही घरमालकाचा पॅन क्रमांक दिला तर. वर्षाचं भाडं एक लाखाच्या पुढे गेलं की तो लागतोच.

"मालक पॅन द्यायला कां-कूं करतात," पडद्यावरचं कपाळ म्हणतं.

"मग भाडं कमी करायला सांग," वडील इकडून ओरडतात. बाकावरची माणसं माना डोलावतात.

दुपार चढते. रस्त्यावरचे आवाज मंदावतात. पंखा गरमच हवा फिरवतोय. एका आजींना झोप लागली आहे, त्यांचा नंबर येतो तेव्हा शेजारची बाई त्यांना हलवते. आजींचं वय एकाहत्तर. मुदत ठेवींचं व्याज एक लाख चाळीस हजार, बँकेनं चौदा हजार कापून घेतले. ज्येष्ठांना एप्रिल २०२५ पासून वर्षाला एका बँकेत एक लाखापर्यंतच्या व्याजावर कपात नाही, त्यांचं व्याज त्यापुढे गेलं. पेन्शन धरूनही उत्पन्न पाच लाखांच्या आत.

"माझे चौदा हजार गेले का हो?"

"नाही गेले, आजी. रिटर्न भरू, परत येतील."

आजी दोनदा विचारून खात्री करून घेतात.

कोपऱ्यात एक तरुण दुकानदार मोबाइलवर काही तरी विकतोय. म्युच्युअल फंडातले युनिट, वर्षापेक्षा जुने. शेअर आणि शेअरवाल्या फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. तेवढाच नफा आज काढायचा, उद्या-परवा तेच युनिट पुन्हा घ्यायचे. पुढे कधी तरी द्यावे लागणारे पंधरा-सोळा हजार त्यानं बोटाच्या टोकानं वाचवलेत. एक आर्टिकल मुलगा त्याला बजावतो, "पण अल्प मुदतीचा नफा असला तर बारा लाखांची माफी त्याला लागू नाही, बरं का." दुकानदार मान वर करतो. हे त्याला नवीन आहे.

चार वाजता बाक जरा रिकामा होतो. गुरुजी अजून बसलेत. आता ते पिशवीतला दुसरा कागद काढतात. आयुर्विम्याच्या अर्जाची छायाप्रत, हप्त्याची पावती. साठ हजारांचा हप्ता, वीस वर्षं. गेल्या आठवड्यात त्याच छत्रीखाली सही केलेली.

सर कागद वाचतात. बराच वेळ.

"दोन वर्षांच्या आत बंद पडली, तर घेतलेली वजावटही उत्पन्नात परत धरतात. तुम्ही तर वजावट घेणारच नाही. विमा म्हणून हवी आहे का?"

"विमा आहे माझा. शाळेतल्या सगळ्यांनी घेतली, म्हणून..."

"पॉलिसीचा मूळ कागद आला?"

"अजून नाही."

"आला की तारीख लिहून ठेवा, आणि इकडं या."

एवढंच बोलणं होतं. गुरुजी पावती पुन्हा पिशवीत ठेवतात, चेक वरच्या खिशात. खाली त्या कडुलिंबाखालची छत्री अजून उघडी आहे. टायवाला पोरगा नवा फॉर्म काढतोय, समोर दुसरं जोडपं बसलंय.

तुम्हीही या महिन्यात अशी सही करून बसला असाल, तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. काही किरकोळ खर्च कापून हप्ता परत मिळतो. आणि करपद्धत जुनी घ्यायची की नवी, हे पगारदाराला रिटर्न भरतानाही ठरवता येतं. मात्र जुनी हवी असेल, तर ते रिटर्न ३१ जुलैच्या आत भरावं लागतं.